कोणाचं नाव लावू?

"निळ्या शाईनं सही केली तर चालेल ना?" थोरलीनं तिसऱ्यांदा विचारलं.

"अहो, हिरवी सोडून कुठलीही चालेल," नोंदणीवाल्या बाई हसून म्हणाल्या आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत टेकल्या.

थोरलीनं सकाळीच आईला न्हाऊ घातलं होतं, केस विंचरून इस्त्रीची चादर घातली होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणारंही कोणीतरी असतं, हे सरकारला एकदाचं सुचलं होतं. त्या माणसाचं नाव नोंदवायचं, त्याला ओळखपत्र द्यायचं, वर्षातून पंधरा दिवस बदली बाई पाठवायची, अशी ती योजना. पंधरा दिवसांचं तिला काही नव्हतं. तिला नाव हवं होतं. अकरा वर्षं झाली, तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. शेजारपाजारचे तर सरळ म्हणायचे, "ती काय, घरीच असते."

"पेशा?" बाईंनी विचारलं.

"बुकबायंडर. म्हणजे, होते. जुनी पुस्तकं दुरुस्त करायची."

आईनं मान तिच्याकडे वळवली. गेल्याच आठवड्यात थोरलीच्या जुन्या मास्तरीणबाईंचं पत्र आलं होतं. परगावच्या ग्रंथालयात पाच वर्षांचं काम निघालंय, तुझ्यासारखा हात दुसरा नाही, महिनाअखेरीस ये. थोरलीनं ते आईला वाचून दाखवलं. "ये म्हणे! मी काय रिकामटेकडी आहे?" असं म्हणून हसली, पण शेवटी आवाज फाटला. तेवढ्यात दूध उतू जायला लागलं, म्हणून पत्र आईच्या उशीखाली सारून ती पळाली. ते पुन्हा बाहेर काढायला तिला सवड झाली नव्हती. खरं म्हणजे धीर झाला नव्हता.

आईची उजवी बाजू आणि वाचा गेली होती, डोकं मात्र जाग्यावर होतं. डावा हात थोडाफार चालायचा. थोरलीनं शर्टाच्या खोक्याच्या झाकणावर मोठी अक्षरं काढून दिली होती. आई त्यांवर बोट ठेवायची आणि काना-मात्रा थोरली मनानं भरायची. 'चहात साखर कमी' एवढं सांगायला पाच मिनिटं लागायची.

तेवढा दम धाकट्या भावाला नव्हता. तो आला तोच फोन कानाला लावून. "काय म्हणतेस आई? आमच्याकडे चार खोल्या आहेत, कधीही ये!" दर भेटीतलं ठरलेलं वाक्य त्यानं दारातूनच टाकलं. उत्तराला थांबेल तर शपथ! सगळ्या मुलांनी हजर राहायचं असा नियम होता, म्हणून तर आज त्याचे पाय इकडे वळले होते. तो फोनवर बोलत गॅलरीत गेला.

बाई अटी वाचू लागल्या. "ज्याचं नाव, पेशंट त्याच्या घरी राहणार. तीन वर्षं. तेवढ्या काळात गाव सोडायचं नाही. मान्य?"

"अकरा काढली, तीन काय घेऊन बसलात!" थोरली म्हणाली.

धाकटा आत आला. बाई आईकडे वळल्या. "पेशंटनं स्वतः सांगायचं असतं. आजी, कोणाचं नाव लावू?"

थोरलीनं झाकण आईच्या हाताखाली धरलं. मनातून ती हसतच होती. बोट 'ध'वर गेलं. मग 'क'. मग 'ट'.

थोरलीनं झाकण आणखी जवळ धरलं. "आई, नीट बघून सांग."

बोट पुन्हा फिरलं. तीच अक्षरं.

"मुलाचं?" बाईंनी थोरलीकडे पाहत विचारलं. आईनं ठामपणे मान हलवली. तिनं थोरलीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आईला कळतं हो सगळं!" धाकट्याची छाती फुगली. बाईंनी कागद पुढे केला. "आधी अटी वाचा."

"आईचं करायला वाचावं लागतं होय?" त्यानं फर्रकन सही ठोकली, आईसोबत एक फोटो काढला, आपल्या प्रतीची घडी खिशात घातली आणि निघाला. बाईही उठल्या. जाताना थोरलीच्या खांद्यावर हात ठेवून काही म्हणणार होत्या, पण ती बाजूला सरली.

दार लागलं आणि तिचा बांध फुटला. "कुत्र्यालासुद्धा घास घालणारा हात कळतो गं! पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी तुला कुशीवर वळवते. त्याला तुझी एक गोळी माहीत नाही. आणि नाव त्याचं? माझं एक नाव तुला जड झालं?"

आईचं बोट झाकणावर टकटक करू लागलं. थोरलीनं तोंड फिरवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं ते वाचायचं नाकारलं. "बोलव आता तुझ्या लेकाला, तो वाचेल."

टकटक थांबली. थोडा वेळ नुसती चादर सळसळली. मग पुन्हा टकटक, आता जोरात. डोळे पुसत ती रागानंच वळली.

आईची उशी तिरकी झाली होती. मास्तरीणबाईंचं पत्र अर्धं बाहेर ओढलेलं होतं. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाचा चालता कोपरा चक्क हसत होता. बोट एकेका अक्षरावर थांबत गेलं आणि थोरली काना-मात्रा भरत वाचत गेली.

'त्याच्याकडे चार खोल्या आहेत. तू जा.'