दोन्ही चाकांचा ब्रेक

“डिस्क हाय म्हंजे एबीएस असणारच की!” तुळजाबाईंनी पुन्हा तेच लावून धरलं.

आदर्श पुन्हा मोटारसायकलच्या पुढच्या चाकाशी वाकला. नांदेडच्या या शोरूममध्ये लागल्यापासून त्याच्या हातून एकही गाडी खपली नव्हती. आज खपली नाही तर उद्यापासून घरी मुदखेडलाच बसून राहा, असं मालकांनी सकाळी बजावलेलं. आणि मुखेडहून आलेलं हे जोडपं लाल गाडीपासून हलायला तयार नव्हतं!

“न्हाई मावशी,” तो हसला. “डिस्क म्हंजे चाकावरची ही चकती. एबीएस निराळं.”

“अन् ते सीबीएस?” दगडोबांनी मिशीवरून हात फिरवला.

“त्यात एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो, मामा.”

“तेच की एबीएस!” तुळजाबाई ठसक्यात म्हणाल्या. “आम्हाला येडं समजून राहिला का?”

आदर्शनं पलीकडच्या टेबलाकडे पाहिलं. हे सगळे शब्द तिथं बिलं करणाऱ्या ज्योत्स्नानंच त्याला शिकवले होते, डब्यातल्या दोन भाकरी चाकांसारख्या मांडून. एरवी गिऱ्हाईक आलं की पाणी घेऊन तीच आधी उठायची. आज कॉम्प्युटरमधून मान वर काढत नव्हती.

पाणी त्यानंच आणून दिलं. मग खुर्ची ओढून समोर बसला.

“मावशी, बैलगाडी उताराला लागली. एकाच बैलाचा कासरा ओढला तर?”

“वाकडी व्हईल.”

“दोघांचे संगं ओढायचे, ते सीबीएस. अन् लई करकचून ओढला तर बैल घसरतो. म्हणून जरा ओढ, जरा सोड, ते एबीएस!”

दगडोबा मांडीवर थाप मारून हसले. “घेऊन टाकू! दोन्ही चाकांना एबीएस हाय, येवढं म्हण फक्त.”

‘हाव मामा, हाय’ ओठांवर आलं होतं. आदर्शनं ते गिळलं.

“न्हाई मामा. हिच्या पुढच्याच चाकाला हाय. दोन्हीवाली चौकातल्या दुकानात भेटंल.”

दगडोबा उठले. तुळजाबाईंनी पदर सावरला, आदर्शला खालून वर एकदा न्याहाळलं आणि दाराकडे न जाता थेट पलीकडच्या टेबलाशी गेल्या.

“ज्योत्स्ने, तू सांगितलं तसाच हाय गं. चिडत न्हाई अन् खोटंबी बोलत न्हाई. तुझ्या बापाला अन् मला पोरगा पसंत हाय.”