कोयींचा कोळसा

औषध कारखान्याखालच्या ओढ्याचं पाणी रुकय्यानं आंब्याच्या कोयींच्या कोळशातून गाळलं होतं. प्रयोगशाळेत हेमलताबाईंनी ते तिसऱ्यांदा तपासलं. पाण्यात औषधाचा अंशही उरला नव्हता. त्यांना हे बारा वर्षांत जमलं नव्हतं. कालच्या पोरीनं ते दोन महिन्यांत करून दाखवलं. त्यांचा जळफळाट झाला.

"मॅडम, जमलं का?" रुकय्यानं घाबरत विचारलं.

"नाही. औषध होतं तेवढंच आहे."

तिनं शंकाही घेतली नाही. डोळे पुसून ती कोळसा कचऱ्याच्या डब्यात ओतायला निघाली.

"थांब!" हेमलताबाईंनी तिचं मनगट धरलं. "खोटं बोलले मी. पाणी स्वच्छ आहे."

रुकय्या आनंदानं त्यांच्या गळ्यात पडली. खोटं का बोललात, हे तिनं विचारलंसुद्धा नाही. बाईंना आता त्याचाही हेवा वाटला.