पहिली खरी सुई

घाटकोपरच्या नर्सिंग क्लासमध्ये संत्र्यांवर सराव झाला की प्रत्येक मुलीची पहिली खरी सुई सगुणा सिस्टर स्वतःच्या दंडावर टोचून घ्यायच्या. हात थरथरला की खेकसायच्या, “माणूस आहे गं, संत्रं नाही!” यंदा संचालकांनी कॉम्प्युटरचे चष्मे मागवले. चष्म्यातला पेशंट खोटा, सुईही खोटी. सिस्टरांनी मुद्दाम वाकडी टोचली, तरी पेशंट हसतच राहिला. त्यांचं डोकंच फिरलं. “याला दुखत कसं नाही?” “तेच तर झकास आहे ना! शिकून घ्या, नाहीतर घरी बसा,” म्हणत संचालकांनी पुढचा खोका फोडला, तर पत्र्याच्या पट्टीने बोटच कापलं. सिस्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन भरून चष्म्यावरच्या सरावात पहिली आलेल्या पोरीच्या हातात दिलं. तिचा हात थरथरला. संचालकांनी आपली बाही घट्ट धरली. “सिस्टर, तुम्हीच द्या ना!” “मी?” सिस्टर कडाडल्या, “मी अजून चष्मा शिकतेय!”