निऱ्या धरणारी

गोमटेशचं सोनं गाळायचं दुकान कोईमतूरला, आणि त्याची बायको चंदना विट्याच्या तीन मजली बंगल्यात एकटी. "काय पायजे ते मागव," एवढंच तो फोनवर म्हणायचा. मग ती साड्या मागवायची. एक साडी कॅमेऱ्यावर भिरकावायची आणि क्षणात दुसरी नेसून उभं राहायचं, असा ट्रेंड जोरात होता. हजारो बायका करत होत्या, तीही करायची.

निऱ्या मात्र तिला एकटीला कधीच धड जमल्या नाहीत. माहेरी आई पायाशी बसून खालून ओढून द्यायची.

आज सकाळी तिनं मोरपंखी साडीचं रील टाकलं. दुपारी सांगलीहून नणंदेचा, सुंदरीचा फोन आला.

"वैनी, निऱ्या लय झ्याक बसल्यात. पायाशी कोण बसलंय वो?"

"कोण असणार? एकटीच तर हाय मी."

"आवं, बाईचा हात दिसतोय की!"

चंदनानं रील लावलं. पडद्याच्या खालच्या कडेनं एक हात आला आणि एकेक निरी मायेनं सारखी करू लागला. त्याच्या मनगटावर भाजल्याचा अर्धगोल डाग होता.

डाग तिच्याच ओळखीचा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिच्या मनगटाला तव्याची कड लागली होती. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. रील करताना ती तो बांगड्यांखाली झाकायची.

चंदनानं बांगड्या वर सारल्या.

मनगट कोरं होतं.