यंत्रयुगाची सोयरीक

रत्नागिरीच्या गंगाराम शेट्यांची दमयंती खेडच्या दादासाहेब खातूंनी सून म्हणून पसंत केली आणि एकच अट घातली. "आम्हांला सोनं नको हो! पेटीत नुसतं पडून राहतं. आता यंत्रांचं युग आलंय. मुंबईच्या रेडिओ कंपनीचे शेअर घ्या पोरीच्या नावावर."

शेट्ये चाचरत म्हणाले, "पण दादासाहेब, सोनं कसं, अडीअडचणीला मोडता तरी येतं."

"ह्याच समजुतींपायी देश मागे राहिला, शेट्ये!"

शेट्यांनी बायकोच्या पाटल्या आणि गोठ मोडून शेअर घेतले. सोनं नाकारणारा व्याही म्हणून सगळ्या आळीत दादासाहेबांचं कौतुक झालं.

लग्न पंधरा दिवसांवर आलं आणि मुंबईचा बाजार कोसळला. रेडिओ कंपनीच्या शेअरचा भाव निम्म्यावर आला.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दादासाहेब स्वतः येऊन ओटीवर बसले. "काय आहे शेट्ये, आमच्या घराण्यात सून सोन्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. दहा तोळे तरी घाला. नाहीतर लग्नाचं कठीण दिसतं."

पत्रिका वाटून झाल्या होत्या. चहा घेऊन आलेली दमयंती दारातच थांबली. तिने सगळं ऐकलं होतं. कपबशी दादासाहेबांपुढे ठेवून ती वडिलांकडे वळली.

 

"बाबा, शेअर आज ना उद्या वर येतील, ते राहू देत. हे स्थळ मात्र आणखी उतरायच्या आत काढून टाका."