गोडबोल्या स्टिरिओ

कंपनीनं बसवून दिलेल्या स्टिरिओचा आवाज भिकार वाटला म्हणून गजानन खरोट्यांनी तो काढायला लावला आणि गाडीत बाजारातला साधा रेडिओ बसवून घेतला.

"साहेब, गाडीतलं सगळं बोलणं गोड करून ऐकवायचा तो," फिटर इम्तियाज म्हणाला. "आता बोलाल तेच ऐकू येईल."

"हॅट! मी काय कुणाला भितो?" खरोटे तुच्छतेनं हसले. "आणि आमची बायको घरी गप्पच असते. गाडीत बारा वर्षांत 'अहो'शिवाय बोललेली नाही."

बाहेर थांबलेली नलिनी येऊन शेजारी बसली.

"दार नीट लाव, म्हशी," ते नेहमीसारखे खेकसले.

नलिनीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"लावलंय रे, बैला," ती म्हणाली. "बारा वर्षं हेच सांगतेय."