वादीचा भोंगा

डोंगरात पाऊस झाला की वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या नदीच्या, पात्रात लोंढा यायचा; तेव्हा खालच्या गावांत भोंगा वाजवायचं काम खलफानकडे होतं. सुट्टीतही ते अडू नये म्हणून त्याने एक प्रोग्राम लिहिला होता. पाणी चढलं की तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्वतःच माउस हलवून भोंग्याचं बटण दाबायचा आणि पाणी उतरेपर्यंत दाबत राहायचा. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, खलफानने घरूनच लॅपटॉपवर ऑफिसचा कॉम्प्युटर जोडून तो सुरू केला, लॅपटॉप मिटला आणि सासुरवाडीला जेवायला गेला.

जेवताना मोबाईलवर प्रोग्रामचा निरोप आला, 'भोंगा वाजवला.' त्याने धाकट्या भावाला, हिलालला फोन लावला.

"सगळे वर चढलात ना?"

"वर कशाला? आम्ही वादीतच बसलोय. मुसल्लमकाकांनी कॉफी आणलीय, तू पण ये की."

"अरे, भोंगा ऐकला नाहीस?"

"कुठला भोंगा?"

मागे दगड गडगडल्याचा आवाज आला आणि फोन तुटला.

खलफान गाडी पळवत ऑफिसात आला. लॅपटॉप मिटताच इथला कॉम्प्युटर लॉक झाला होता. प्रोग्राम त्या बंद पडद्यावरच बटण दाबत होता आणि काम झालं म्हणून कळवत होता. खलफानने पासवर्ड टाकला. माउसचा बाण आपोआप बटणाकडे सरकला.

लगेच हिलालचा फोन आला. त्याच्यामागे भोंगा ऐकू येत होता.

"दादा, अजून पाणी येतंय का? शोधणाऱ्यांना वर बोलावू? मुसल्लमकाका अजून सापडले नाहीत."